गुणाकरबाबूंचा मदतीचा कागद

गुणाकरबाबू कुणावर सूड उगवतील असं मध्य प्रदेशातल्या बालाघाटात कुणी म्हटलं असतं, तर ऐकणारा हसला असता. सरकारी कचेरीतले साधे कारकून. रस्त्यात सायकलवाल्याने धक्का दिला तर त्याचीच माफी मागून बाजूला होणारे. पण १९९६ च्या हिवाळ्यात या माणसाच्या मनात देवेंद्रबद्दल असं काही पेटलं, की पुढचे सात महिने ते विझलं नाही.

देवेंद्रचं बस स्टँडजवळ संगणकाचं दुकान होतं. तिथल्या एका यंत्रावर तो ‘बोर्ड’ चालवायचा. घरचा संगणक टेलिफोनच्या तारेने त्या यंत्राला जोडायचा, निरोप लिहून ठेवायचा, दुसऱ्याने आपल्या सवडीने वाचायचा, असा तो प्रकार. चाळीसेक सभासद होते. गुणाकरबाबूंचा मुलगा रजत जबलपूरला नोकरीला लागला आणि संगणक घरी ठेवून गेला, म्हणून हेही सभासद झाले.

पहिलंच पत्र त्यांनी जुना मित्र तेजराम याला लिहिलं. तो लांजीला राइस मिलमध्ये होता आणि बोर्डाचा सभासदही होता. जन्मात कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी त्यात लिहिली: खात्याच्या परीक्षेत मी तीनदा नापास झालो, आणि बायकोला, अहिल्येला, मात्र बढती वरून अडकली असं सांगत आलो.

पत्र लिहिण्याआधी यंत्राने ‘टू’, म्हणजे कुणाला, असं विचारलं होतं. तिथे काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाबूंनी एंटर दाबला, आणि पत्राच्या पहिल्या ओळीत कचेरीच्या रीतीने ‘प्रति, श्री तेजराम’ असं टाइप केलं. प्रति लिहिलं की कागद त्याच टेबलावर जातो, हे ते सत्तावीस वर्षं बघत आले होते. इथे मात्र टू रिकामं सोडलं की पत्र सगळ्यांना जात असे.

देवेंद्रला ते एका मिनिटात पुसता आलं असतं. त्याने ते उचलून ‘नवीन सभासदांसाठी मदत’ या सदरात लावलं आणि खाली शेरा मारला: असं करू नये, वाचा आणि शहाणे व्हा. मदत म्हणून त्या सदरात तेवढंच होतं.

बाबू दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं बसलेली.

“देवेंद्र, ते पत्र काढून टाक ना बाप्पा.”

“काहून काकाजी? लोक शिकून राह्यले त्याच्यातून! तुमच्या नापास होन्याचा कोनाले त फायदा झाला.”

चौघेही हसले. संध्याकाळपर्यंत गोष्ट अहिल्याबाईंच्या भावापर्यंत गेली आणि तिथून घरी आली. अहिल्याबाई एवढंच म्हणाल्या, “मले सांगायले काय झालतं?” त्यानंतर तीन दिवस त्या बोलल्या नाहीत.

त्या तीन दिवसांत बाबूंनी देवेंद्रचा नीट विचार केला. त्याचा रुबाब कशावर होता? नवा माणूस अडतो यावर. अडला की दुकानात यायचा, आणि देवेंद्र सगळ्यांदेखत म्हणायचा, “इतना भी नहीं आता?” लोक अडलेच नाहीत तर? बाबूंनी रजिस्टर उघडलं आणि लिहायला बसले.

फोन कसा लावायचा इथपासून सुरुवात केली. लिहून झालं की एखाद्याला घरी बोलावून संगणकासमोर बसवायचे, कागद हातात द्यायचे आणि स्वतः गप्प राहायचे. माणूस जिथे थांबेल ते वाक्य खोडायचं. शेजारच्या तुळसाबाई, निवृत्त मास्तरीण, दुसऱ्याच पायरीवर थांबल्या.

“गुणाकरभाऊ, एंटर दाबा म्हनता, पन कोनता? मले त इथं दोन दिसून राह्यले.”

बाबूंनी लिहिलं: दोन्हींपैकी कोणताही चालेल.

“मंग दोन कायले ठेवले?” बाई म्हणाल्या, आणि दाबेनात. ते वाक्य खोडून त्यांनी ‘अक्षरांच्या उजवीकडचा मोठा एंटर’ असं केलं. बाई सरसर पुढे गेल्या. असं त्यांनी अकरा माणसांवर केलं. प्रत्येक खाडाखोडीला त्यांना देवेंद्रची एकेक वीट निखळल्यासारखं वाटे, आणि त्या रात्री झोप छान लागे.

वीस पायऱ्यांचा कागद झाला. झेरॉक्स हातोहात गेल्या. दुकानात शिकायला येणारे कमी झाले. जुलैमध्ये लांजीकडच्या मिलवाल्यांनी एकदम तीस जण सभासद व्हायचं ठरवलं, पण तेजरामकरवी देवेंद्रला निरोप धाडला: गुणाकरबाबूंचा कागद त्यांच्या परवानगीने बोर्डावर असेल तरच येऊ.

देवेंद्र घरी आला. पेढे घेऊन आला.

“काकाजी, तुमचं ते पत्र आजच काढतो. तुमचा कागद तेवढा द्या.”

“पत्र काढशीलच. कागद जसाच्या तसा लागला पाहिजे. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.”

“हौ, मंजूर.”

“मग उद्या दुकानात येतो. गिऱ्हाइकांच्या वेळेला.”

दुसऱ्या दिवशी बाबू दुकानात देवेंद्रच्या खुर्चीसमोर बसले. “कागदाची फ्लॉपी राहिली घरी. मी सांगतो, तू टाइप कर.” फ्लॉपी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. बाकावर गिऱ्हाइकं बसलेली होती. तीन पायऱ्या सुरळीत झाल्या.

“चौथी. टू असं आलं की ज्याला पत्र पाठवायचं त्याचं नाव लिहा. रिकामं सोडलं तर पत्र सगळ्यांना जातं. लिहिलं? पुढे. ही गोष्ट बोर्डाचे चालक देवेंद्र यांनी कुठेही सांगितलेली नव्हती.”

देवेंद्रचे हात थांबले. “काकाजी, हे सोडून द्या ना.”

“सोडलं तर कागद घेऊन जातो. हं, पुढचं वाक्य: त्यामुळे एका सभासदाचं घरचं पत्र गावाने वाचलं. चूक चालकांची होती, तरी त्यांनी ते हसण्यासाठी लावून ठेवलं. पूर्णविराम.”

देवेंद्रने मान खाली घालून सगळं टाइप केलं.

“वाच आता.”

त्याने पुटपुटत वाचलं.

“बाकावरच्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा.”

त्याने पुन्हा वाचलं, मोठ्याने, स्वतःच्या नावासकट. मग लाल चेहऱ्याने विचारलं, “झालं समाधान?”

“अजून सोळा पायऱ्या आहेत,” गुणाकरबाबू म्हणाले. “लिही.”