बाबांच्या कॅसेटसाठी केलेला ॲम्प्लिफायर

बाबा लाऊडस्पीकरवाले होते. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या गावात लग्न असो की बारसं, मांडवाच्या कोपऱ्यात त्यांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असायचा आणि माईकवर बोलायचेही तेच. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो त्या मशीनच्या जिवावर. पण तिला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. "तू पुस्तकं बघ, हे मी बघतो," म्हणायचे. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ते गेले. मशीन कुणाकडे गेली, आईलाही आठवत नाही. राहिली एक कॅसेट, एका लग्नात त्यांनी थेट मशीनमधून भरून घेतलेली.

नोकरी लागल्यावर आईला घेऊन मी बंगळूरला आलो. इथे ती कॅसेट इअरफोन लावून ऐकली. आवाज बाबांचा होता, पण त्याला छाती नव्हती. मांडवात तो अंगावर यायचा. तसा पुन्हा ऐकायचा म्हणून मी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर करायला घेतला.

के. आर. पुरमला आमच्या गल्लीत एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक राहतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी बोलतात ती कन्नडच्या अंगानं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दोन्ही ट्रान्सफॉर्मर त्यांनी तार गुंडाळून करून दिले. इंदिरानगरच्या ऑफिसातून सुट्टी मिळेल त्या रविवारी मी सोल्डरिंगचे डाग देत बसायचो.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा स्पीकरमधून नुसती घूं घूं. मग फिलामेंटच्या तारा एकमेकींत पिळून घेतल्या, सगळं अर्थिंग एका जागी आणलं, एक ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवला. दर वेळी घुंई थोडी कमी व्हायची. शेवटी स्पीकरला कान लावला तरी काही ऐकू येईना. मी बाबांची कॅसेट लावली, आणि घुंई परत हजर.

कॅसेट डेकची वायर बदलली. डेकचं अर्थिंग बदललं. मशीन पुन्हा उघडून सगळे डाग नव्यानं दिले. तीन रविवार गेल्यावर अण्णांना बोलावलं. त्यांनी जरा ऐकलं.

"दुसरी कॅसेट लाव की."

"दुसरी कशाला? मला हीच ऐकायचीय."

"लाव रे स्वल्प. इंजिनीर लोकांना सांगितलेलं करायचं म्हणजे फार त्रास."

आईच्या भजनांची लावली. घुंईचा पत्ता नाही. बाबांची लावली की घूं.

"तुझी मशीन चोख आहे," अण्णा म्हणाले. "ही घुंई तुझ्या वडिलांच्या मशीनची. मांडवात अर्थिंग कसलं? आवाजाबरोबर तीपण भरली गेली."

इअरफोनात एवढा खालचा आवाज येतच नव्हता. आणि तीन रविवार मी दुसरी कॅसेट लावलीच नव्हती. मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

"फिल्टर घालू? जाईल ती."

"आवाजाचा खालचा भाग पण जाईल ना?"

"स्वल्प जाईल."

"नको मग."

"सरी, राहू दे तशीच," म्हणून अण्णा खुर्चीत मागे टेकले.

आई आतून आली. टेपवर बाबा सांगत होते, "वऱ्हाडी मंडळींनी बसून घ्यावं. कुणी उपाशी जायचं नाही." आवाजाला छाती आली होती.

"लोकांना जेवा म्हणत बसायचे," आई म्हणाली. "घरी यांचं ताट झाकून मी दमायची." अण्णा हसले. मग आईनं विचारलं, "तुझं नाव घेतलंय का रे कुठं?"

"नाही."

"कसं घेतील. तू परीक्षेला होतास तेव्हा."

बाबांचं शेवटचं वाक्य संपल्यावर टेपवर थोडा वेळ नुसती घुंई आहे. तेवढ्या वेळात माईक खाली ठेवून ते मशीनजवळच उभे असणार. कॅसेट तिथवर आली तेव्हा मी आवाज थोडा वाढवला.