वासूच्या बंदुकीचा डोळा

कमलवहिनींचा फोन आला तेव्हा अकोल्यातल्या माझ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत होते. मी चष्मे करतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." वासू सकाळी गच्चीवरच्या खोलीत, बंदुकीसमोरच्या खुर्चीत सापडला होता. डावा डोळा मिटलेला, उजवा उघडा. याला आता दीड महिना होईल. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला, तो मला मान्य आहे. तरीही एक रविवार माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तो कुठेतरी सांगितल्याशिवाय जाणारही नाही.

वासू आणि मी दर्यापूरच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे त्याने अमरावतीच्या बाजारात झेंडू-शेवंतीचा व्यापार केला. ती बंदूक त्याच्या वडिलांनी एका गढीच्या लिलावात घेतलेली. दुसऱ्या महायुद्धातली, लांबून एकेक माणूस टिपणाऱ्या नेमबाजाची, वर दुर्बीण बसवलेली. नळीत पोलाद भरून ती कायमची निकामी केलेली होती, तसा सरकारी कागदही होता. खंडेनवमीला लोक विळे-कोयते पुजतात, यांच्याकडे ही पुजत. पण वडिलांचं हळदीकुंकवावर भागत नसे. दर वर्षी तेलात कालवलेला शेंदूर, थरावर थर, दुर्बिणीच्या काचांसकट. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला बंदूक कमी आणि शेताकडच्या पांदणीवरचा मारुती जास्त वाटली.

वडील गेल्यावर वासूच्या मनात आलं, ही जन्मली कुठे ते शोधू. त्या नादाला हवा मी दिली. स्पिरिटची बाटली आणि लाकडी पट्ट्या घेऊन मीच अमरावतीला गेलो. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "देवाले खरडून राहिले काय?" वासू म्हणाला, "देव नाही तो, माल आहे. मालाले कंपनी असते." शेंदराखालून ठसे निघत गेले. त्यांचे फोटो आम्ही परदेशातल्या संग्राहकांना पाठवले. इंग्रजी मी लिहायचो. उत्तरं महिनोन्महिने येत राहिली. लोखंड इंग्लंडमधल्या एका कारखान्याचं. तिथे प्रत्येक बंदुकीतून गोळी झाडून पाहत आणि जिचा नेम चुकत नाही ती बाजूला काढत. मग ती दुसऱ्या कारागिरांकडे जाई. ते दुर्बीण बसवत, गाल टेकायला लाकूड लावत, आणि दुर्बिणीचा नंबर दस्त्यावर ठोकत, म्हणजे जोडीची ताटातूट होऊ नये. आमच्या बंदुकीचे दोन्ही नंबर जुळले. त्या दिवशी वासूने फूलबाजारात पेढे वाटले. शेजारच्या गाळेवाल्याने पेढा तोंडात टाकून विचारलं, "या वयात पोट्टं झालं काय शेठ?"

काचा तेवढ्या राहिल्या होत्या. त्या मी साफ केल्या. तो माझा रोजचा धंदा, हात आपोआप चालतो. इतक्या वर्षांनी काच अशी निघाली की तीन गल्ल्यांपलीकडच्या टाकीवरचं कबुतर मान वळवताना दिसलं. वासू बसला तो उठेना. नंतर त्याचं कारखान्यांबद्दल बोलणंच थांबलं. एकदा म्हणाला, "कारखाने सापडले बे सारे. हिनं पाह्यलेले मानसं कुठं शोधू?"

मग त्याचे फोन येऊ लागले. दुर्बिणीत कोणीतरी आहे म्हणायचा. आपण पाहतो तेव्हा तोही पाहतो. मी त्याला शास्त्र सांगितलं. मागून उजेड आला की डोळ्याजवळच्या काचेत आपलीच पापणी उमटते, माझ्या दुकानात दिवसातून दहादा उमटते. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "माही पापनी मले ओयखू येत नाही काय?" पुढे तो त्या काचेवर झेंडूचं फूल बसवून ठेवू लागला. ताजं फूल, पण घटकाभरात काळं पडतं म्हणायचा. फुलांच्या बाबतीत वासू कधी चुकत नसे...

शेवटचा फोन शुक्रवारी आला. "गजू, हिचा डोळा तुनं उघडला, तूच झाक. माह्याच्यानं होत नाही." मी हसलो. म्हटलं, "आता काचीले शेंदूर फासाले गाडी करून येऊ काय?" मग मी रविवारी येतो म्हणालो. रविवारी गेलो नाही. आजार नव्हता, दुकान बंद होतं, बस मिळाली असती. मी घरी लोळत पडलो. सोमवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

मागच्या आठवड्यात गेलो. वहिनी मला गच्चीवरच्या खोलीत घेऊन गेल्या. वाटीत शेंदूर आणि तेल कालवून समोर ठेवलं. म्हणाल्या, "तुमीच खरडलं, तुमीच लावा." मी लावत गेलो. कारखान्याचा ठसा गेला, नेम पारखल्याची खूण गेली, जुळलेले दोन्ही नंबर गेले. वासूने जोडून आणलेलं सगळं माझ्या बोटाखाली एकेक करून बुजत होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी फक्त काचेची वाट पाहत होतो.

दुकानात येणाऱ्याला मी सांगतो, घाबरू नका, सरळ समोर पाहा. पण काचेपाशी आलो आणि माझी मान आपोआप भिंतीकडे वळली. न पाहताच बोट टेकवलं.

"मिटला?" वहिनींनी मागून विचारलं.

मी हो म्हणालो. खोली सकाळपासून बंद होती, ऊन तिथवर पोचलंही नव्हतं. काच कोमट होती.