पेजेतली टोपी

भाताची पेज निथळताना वास आला, की काष्टी गावातली ती सकाळ आठवते. मी सासरी नवीनच होते. नणंदेची सुपारी फोडायला निघायचं आणि नेमकी वीज गेली. इस्त्रीवाचून सासऱ्यांची धुतलेली टोपी लुळी पडली होती. "अशी टोपी घालून व्याह्यापुढं मी बसनार न्हाई," म्हणून ते ओट्यावरून हलेनात. मी टोपी पेजेत बुडवून पिळली, पाटावर घडी बसवली आणि बंबातले निखारे भरलेला पितळी तांब्या तिच्यावरून फिरवला. "जळंल गं," सासूबाई म्हणाल्या. टोपी वाळून कडक झाली. सासऱ्यांनी टोक चिमटीत दाबून पाहिलं, टोपी डोक्यावर चढवली. "चला, गाडी काढा." आता गावात लाँड्री आहे, तरी लग्नकार्य निघालं की भावकीतल्या टोप्या माझ्याच ओट्यावर येतात.