हातगुणाचा चमचा

घरात आजारी एक असला की वैद्य पंधरा होतात. लढाईच्या दिवसांत आमचे अप्पा न्यूमोनियानं अंथरुणाला खिळले. तेव्हा भाईंदरात रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, सल्ला मात्र दारात येऊन मिळत होता. त्यातले किस्से मला अजून पुरतायत.

अप्पा मिठागराचे मुकादम. चार दिवस तापातही शुद्धीवर होते. पाचव्या सकाळी एकदम भलतंच बोलायला लागले. भेटायला आलेल्या मामाला त्यांनी मिठाचा इन्स्पेक्टर ठरवलं नि म्हणाले, "साहेब, मीठ सुकलं न्हाय अजून. उद्या या." मामा जन्मात कुठल्या कामाला गेला नव्हता. त्या दिवशी तो जरा ताठ चालत होता.

आत्याचं निदान तयारच होतं: खाडीवरचं भूत. तिनं लिंबू उतरवलं. अप्पा लिंबाकडे बघत म्हणाले, "सरबत करा." भूत तहानलेलं आहे, असं आत्यानं जाहीर केलं. तहानलेले अप्पा होते. तापात पाणी बंद, हा वैद्यबुवांचा हुकूम!

वैद्यबुवांच्या मते वात डोक्यात चढला होता. मामाच्या मते वय झालं होतं. ही चर्चा अप्पांच्या उशाशीच चाले. ज्याला समजत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं आमच्या लोकांचं शास्त्र आहे.

आईला तर ते परकी बाईच समजले. "बाई, तुमी आता घरी जा. माजी बायको येल."

आईनं विचारलं, "कशी हाय तुमची बायको?"

"तापट हाय. पन तिच्या हातचं पानी गोड लागतं."

आई माजघरात जाऊन रडली. चाळीस वर्षांचा संसार, नि हा माणूस आपल्याला न ओळखताच जाणार, ही तिची धास्ती. मलाही तीच होती.

शेवटी वसईहून डॉक्टर आणले. त्यांनी आधी उशाजवळची खोकल्याच्या औषधाची बाटली उजेडात धरून वरची चिठ्ठी वाचली. "ही आठ दिवसांची होती. दोन दिवसांत तळाला गेली कशी?"

आमच्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण आजाऱ्याला स्वतःच्या हातानं एक चमचा औषध पाजतो. हातगुण आपल्यालाच आहे, अशी प्रत्येकाची खात्री. औषधात अफू होती, आणि भेटायला अख्खं गाव येऊन गेलं होतं.

"आधीच एवढा ताप, त्यात पाणी बंद, त्यावर ही अफू," डॉक्टर म्हणाले. "भुताला जागा कुठे ठेवलीत? पाणी पाजा, बाटली कुलपात घाला, नि हातगुण ओसरीवर ठेवून आत या."

तिसऱ्या दिवशी अप्पांनी मामाला विचारलं, "काय रे, कामाला लागलास का कुठं?" म्हणजे डोकं जाग्यावर आलं होतं. मामा चहा न घेता गेला.

त्याच दुपारी आई पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याजवळ बसली. अप्पा घोट घोट प्याले. "गोड हाय," म्हणाले. मग तिच्याकडे टक लावून बघत म्हणाले, "बाई, तुमी आता घरी जा. माजी बायको येल."

मी उठून बाटलीच्या कपाटाचं कुलूप ओढून बघितलं. आईनं पदरानं त्यांची हनुवटी पुसली.

"येऊ दे," ती म्हणाली. "मी बसलेय."