दुखरी जागा शोधणारा अंगठा

शुभदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळच्या आमच्या दवाखान्यात एका पेशंटच्या टाचेला जेल लावत होते. "सकाळचा चहा घेतला, खुर्चीत टेकली आणि..." त्यांच्या भावाला पुढे बोलवेना. पेशंटची माफी मागून मी तशीच गिरगावला निघाले. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. पावलांच्या दुखण्यांवर उपचार करण्यात त्यांनी आयुष्य घातलं, आणि मी फिजिओथेरपी कॉलेजात शिकले असले, तरी ती मला आली त्यांच्यामुळे.

मी त्यांच्याकडे लागले त्याच वर्षी दवाखान्यात शॉकवेव्हचं मशीन आलं होतं. नाव ऐकून लोक घाबरायचे, पण त्यात विजेचा झटका नसतो. दाबाच्या लाटा दुखऱ्या जागेवर आपटतात आणि जुनाट, अडून बसलेल्या दुखण्याला भरून यायला लावतात. मी मशीनवर खूश होते. ताई आठवडाभर गावी गेल्या असताना लालबागचे परबकाका आले. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात पंचवीस वर्षं सेल्समन. सकाळी पाऊल टेकवलं की टाचेत कळ यायची, दुपारनंतर उभं राहवत नसे. 'दिवाळीपर्यंत बघतो, मग घरी बसा,' असं मालकानं सांगितलेलं. मी पुस्तकात दाखवलेल्या जागी मशीन लावलं, जोर वाढवला. काका दात आवळून पडून राहिले. मला वाटलं, छान चाललंय.

ताई परतल्या तेव्हा काका लंगडतच आत आले. ताईंनी पाऊल हातात घेतलं आणि अंगठ्यानं टाच तसूतसूनं दाबत गेल्या. एका ठिकाणी काका कळवळले.

"इथे? मग मशीन इथेच लावलं होतं ना?"

"नाय ओ. ता जरा भायल्या अंगाक."

"मग हिला सांगितलं का नाहीत?"

"ती शिकलेली पोर, बाई. मी काय सांगतलंय तिका?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ताई रागावल्या नाहीत. काका गेल्यावर त्या चपला काढून पलंगावर झोपल्या. "चालव माझ्या टाचेवर. कमी जोरापासून सुरू कर." मी जोर वाढवत गेले, त्यांचे डोळे भरून आले, तरी थांबू देईनात. मग माझी टाच. "आता कळलं, तो माणूस काय सोसून गप्प बसला होता? पेशंट बोलतो तिथे लावायचं, आणि त्याला पेलेल एवढंच. सुई देऊन जागा बधिर करायची नाही, नाहीतर कुठे दुखतं ते तो सांगणार कसा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मला घेऊन काकांच्या दुकानात गेल्या. साडी घ्यायला नव्हे! साठीला आलेली ही बाई काकांसारखीच अनवाणी, त्यांच्या शेजारी, दुकान बंद होईपर्यंत उभी राहिली. गिऱ्हाइकं त्यांनाच भाव विचारत होती. थंडगार लादी, आणि वरच्या फळीवरची साडी काढायला दर वेळी चवड्यांवर उंच व्हायचं... मी तासाभरात भिंतीला टेकले. शेवटी त्या मालकाला म्हणाल्या, "शेठ, यांना मऊ तळव्याची चप्पल घालू द्या आणि एक स्टूल द्या. बाकीचं मी बघते."

आठवड्यातून एकदा, असे तीन वेळा उपचार झाले. सोबत पोटरी ताणायचा व्यायाम, रोज. तिसऱ्या वेळेनंतरही फरक नव्हता. काका रडकुंडीला आले, आणि मीही. आणखी दोनदा करू या, जोर वाढवू या, म्हणून मी मागे लागले. "थांब," ताई म्हणाल्या. "आपलं काम झालंय. आता शरीराला त्याचं काम करू दे." रोज सकाळी त्या काकांना फोन करून व्यायाम झाला का, एवढंच विचारायच्या. तसं खात्रीनं थांबणं मला आजही जमलेलं नाही.

दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन काकांकडून आला. ताईंनी स्पीकर लावला. "बाई, सकाळी उठून मोरीपर्यंत गेलंय, तोंड धुतलंय, आणि मगे आठवला... टाच दुखूक नाय! मी इसारलंयच!"

ताई खुर्चीतून उठल्या आणि खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

ताई गेल्या त्या दिवशी गिरगावच्या घरी परबकाका माझ्या आधी पोचले होते. लोक ताईंच्या पायांना बोटं लावून नमस्कार करत पुढे सरकत होते. काका मात्र खाली बसले, त्यांनी ताईंची दोन्ही पावलं ओंजळीत घेतली आणि मला जवळ बोलावलं. मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. दोन्ही टाचा भेगाळलेल्या, उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजून वाकडा झालेला. इतकी वर्षं त्या माझ्यापुढे चालत होत्या, आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही, ताई, कुठे दुखतंय?