वादीतल्या शेवग्याच्या शेंगा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, ठाऊक नाही — तुमचाही भरवसा वाटतो असं नाही. हल्ली कुणाचाच वाटत नाही.

शारजात एका वनस्पती-संग्रहालयात मी काम करते. वाळवलेल्या फांद्या कागदावर चिकटवायच्या, खाली नोंद करायची — झाड कुठं होतं, फूल होतं का, फळ होतं का. आता ते कागद ठेवलेल्या कपाटाशी कुणी जरा रेंगाळलं तरी माझे कान टवकारतात. परवा आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, तुमच्याकडे शेवगा खातात ना? सहज विचारलं? की त्यांना कळलंय?

डोंगरातल्या एका वादीत, कोरड्या अरुंद घळीत, रानशेवग्याचं एकच झाड होतं. बऱ्याच वर्षांनी त्याला शेंगा धरल्या होत्या. त्या पिकल्या की बी काढून रोपं करायची, असं मॅडमनी ठरवलं होतं. मला फक्त बघायला आणि पानांची एक फांदी आणायला पाठवलं.

शेंगा हिरव्या होत्या, कोवळ्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं — दुसरं काय सांगू? हात पोचेना. तिथं शेळ्या राखणाऱ्या गुलखाननं काठीनं फांदी वाकवून धरली. म्हणाला, "बहनजी, ये खाते हैं क्या?" मी म्हटलं, हमारे यहाँ खाते हैं. चारच तोडणार होते. मग सगळ्याच तोडल्या.

आमटी कडूजहर झाली. "आई, इट्स सो बिटर," म्हणत लेकीनं वाटी सरकवली. पातेलंभर आमटी बियांसकट कचऱ्यात गेली.

महिन्याभरानं मॅडम माझ्याबरोबर आल्या. झाड रिकामं. मी म्हटलं, शेळ्यांनी खाल्ल्या असतील. त्यांनी मान वर करून पाहिलं — इतक्या उंच? तेव्हा मी म्हणाले, राखणारा पाडून घालत असेल, काठी आहे ना त्याच्याकडे.

एवढ्यावर थांबले असते तर — पण नाही. मॅडमनी गुलखानला बोलावलं. त्यांना हिंदी येत नाही, त्याला इंग्रजी. मधे मी. तो म्हणाला, "डाली मैंने झुकाई थी. फलियाँ बहनजी ने लीं." आणि मी मॅडमना इंग्रजीत सांगितलं — कबूल करतोय, फांदी त्यानंच वाकवली.

पुढचं वाक्य मी गिळलं. तो माझ्याकडे बघून मान डोलवत होता.

संग्रहालयात त्या फांदीच्या कागदावर अजून तेच आहे: फळ नाही, शेळ्यांच्या राखणदारानं पाडलं. खाली माझं नाव. जगभरातले अभ्यासक ती नोंद वाचतात.

मॅडमनी शेळ्यांच्या मालकाला फोन केला. त्यानं गुलखानला कायमचं गावी पाठवून दिलं, हे मला नंतर समजलं. पण त्या दिवशी आम्ही गाडीत बसत होतो तेव्हा तो खिडकीशी आला. त्याला वाटलं होतं, मी त्याच्या बाजूनं बोलले.

"शुक्रिया, बहनजी," तो म्हणाला.

मी म्हटलं, कोई बात नहीं.