भोंग्यावर गावाचं नाव

माइकवरून आमच्या संघाचं नाव पुकारलं, की ते बसल्या जागी उजवा हात वर करून ओरडायचे, "हजर!" शाळेत हजेरी देतात ना, अगदी तसं. पांढऱ्या केसांचा माणूस मैदानाच्या कडेला अशी हजेरी देतो म्हटल्यावर लोक हसणारच. आम्हीसुद्धा हसायचो.

हे आमच्या कबड्डी संघाचे तिसरे मॅनेजर. पहिले होते शिंपी. त्यांनी सगळ्यांच्या चड्ड्या एकाच मापाच्या शिवल्या. अर्धा संघ खेळायचा, अर्धा चड्डी सावरायचा. दुसरे गुरुजी. नियम तोंडपाठ, आणि राग नाकावर. मग धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेलं. गुरुजी भंडाऱ्याला राहायला गेले, खेळाडू वेगवेगळ्या पुनर्वसनांत पांगले. संघ संपला, असंच आम्ही धरून चाललो होतो.

यांनी तो संपू दिला नाही. आणि गंमत बघा, यांना कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं! बोनसचा गुण कसा मिळतो, ते मी दर वर्षी समजावायचो. ते मान हलवून विचारायचे, "पन त्या लाइनीले पाय लावून पोट्ट्याले भेटते काय?" मात्र ते सायकलवर मासोळी विकायचे, त्यामुळे कोणाचं घर कुठे गेलं हे त्यांना ठाऊक. मासोळीसोबत सामन्याचा निरोपही दारोदार जायचा. सामन्याआधी घरून आणलेला भाताचा डबा उघडून म्हणायचे, "पयले जेवा, मंग हारा." आम्ही जेवायचो, आणि बहुतेक वेळा हरायचोही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते, तिथे कबड्डीचे सामने होतात. पवनीकडच्या एका मंडईत माइकवाल्याने आम्हाला पुनर्वसनाच्या नव्या नावाने पुकारलं. यांचा हात वर गेला नाही. त्याने पुन्हा पुकारलं. आम्ही मैदानात उतरायला निघालो, तर यांनी अडवलं. पंच घड्याळ बघू लागले. सामना जातो की काय, म्हणून आमचा जीव वरखाली.

चपला काढून ते मंचावर चढले. हात जोडून म्हणाले, "भाऊ, हे आमचं नाव नाही जी."

"कागदावर हेच आहे ना काका."

"कागदावर असन. आमच्या गावाचं नाव घ्या."

माइकवाला वैतागला. "ते गाव आता आहे कुठी?"

त्यांनी आमच्याकडे बोट दाखवलं. "ते काय उभं आहे समोर."

माइकवाल्याने आमच्याकडे पाहिलं. मग त्याने आमच्या गावाचं नाव घेतलं, आणि हे माइकपाशीच उभे असल्यामुळे "हजर!" सगळ्या मंडईभर गेलं. सामना आम्ही सपाटून हरलो. परतताना टेम्पोत ते एकटेच हसत बसले होते.

"काहून हसून राहिले तुम्ही?" मी चिडून विचारलं.

"भोंग्यावर गेलं ना बे नाव!"

गेल्या पावसाळ्यात ते वारले. आता मॅनेजर मी. फार आठवण येते हो त्यांची. आताची पोरं पुनर्वसनातच जन्मलेली, जुनं गाव त्यांच्या लेखी नुसतं पाणी. यंदा नवी बनियनं करायची होती, तेव्हा कॅप्टन म्हणाला, "काका, आता नवंच नाव छापू. जुनं कोनी ओळखत नाही." मला रात्रभर झोप नाही. पण खेळणार ती, मी जबरदस्ती कशी करू? एवढंच म्हणालो, "ही मंडई होऊ द्या, मंग पाहू."

मंडईत डबा मीच उघडला. पोरं जेवली. भोंग्यावर आमच्या गावाचं नाव आलं, आणि सवयीने मी कडेला पाहिलं. तिथे दुसरंच कोणी बसलं होतं. हात वर करावा म्हटलं, तर दोन्ही हातांत रिकामा डबा होता.

तेवढ्यात रेषेवरून आवाज आला, "हजर!"

कॅप्टनचा हात वर होता. मग बाकीच्यांचेही झाले. मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

सामना हरलोच. टेम्पोत पोरं विचारत होती, "काका, काहून हसून राहिले?"